मत शेजाऱ्याचं, तडा आपल्या पुलाला

ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं त्या रात्रीची हकीकत ब्रिटनच्या बाजूनं पुष्कळदा सांगून झाली आहे. मला ती आयर्लंडच्या बाजूनं सांगायची आहे. ज्या देशानं मतदान घेतलं नाही, ज्याच्या शेतकऱ्याला आणि ट्रकचालकाला कुणी विचारलं नाही, पण ज्याच्या अंगणातून नवी सीमा जाणार होती, त्या शेजाऱ्याची ही रात्र. ती महाडहून लिहितो आहे म्हणून वेळा भारतीय दिल्या आहेत. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतात. शून्याची वेळ धरली आहे शुक्रवार, 24 जून 2016, सकाळी 9 वाजून 10 मिनिटं.

गुरुवार, 23 जून, सकाळी 11:30. उरले 21 तास 40 मिनिटं

ब्रिटनमध्ये सकाळचे सात. मतदान केंद्रांची दारं उघडली. प्रश्न एकच होता: युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं.

मत कुणाला होतं हे नीट पाहण्यासारखं आहे. ब्रिटिश नागरिकांना होतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आयरिश नागरिकांना होतं. आणि तिथं राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही होतं. म्हणजे महाडहून लंडनला नोकरीसाठी गेलेला, खिशात भारतीय पासपोर्ट असलेला तरुण त्या दिवशी रांगेत उभा राहू शकत होता. पण उत्तर आयर्लंडला खेटून असलेल्या डोनेगल परगण्यातल्या शेतकऱ्याला मत नव्हतं. त्याचं दूध सीमेपलीकडं जायचं, मुलगी पलीकडच्या इस्पितळात नोकरीला असायची, तरी त्यानं घरी बसून निकालाची वाट बघायची. आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी यांनी ब्रिटनमध्ये जाऊन तिथल्या आयरिश लोकांना 'राहा' म्हणून विनवलं होतं. शेजारी म्हणून यापेक्षा जास्त काही करायला त्यांना वावच नव्हता.

दुपारी 3:30. उरले 17 तास 40 मिनिटं

लंडनमध्ये धो धो पाऊस. काही मतदान केंद्रांत पाणी शिरलं. इकडं आपल्याकडं आर्द्रा नक्षत्र लागलेलं, महाबळेश्वरच्या डोंगरावरून सावित्री नदीला नवं पाणी येण्याचे दिवस.

प्रचारात आठवड्यानुआठवडे बोललं गेलं ते स्थलांतरितांबद्दल आणि संघाच्या मुख्यालयाला, ब्रसेल्सला, दर आठवड्याला जाणाऱ्या पैशांबद्दल. तो 35 कोटी पौंडांचा आकडा एका लाल बसवर रंगवून गावोगाव फिरवला होता. आयर्लंडच्या सीमेबद्दल जवळजवळ कुणी बोललं नाही. दोघं बोलले, तेही माजी पंतप्रधान. 9 जूनला जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर एकत्र उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात गेले. एक हुजूर पक्षाचा, एक मजूर पक्षाचा. तिथं फॉइल नदीवर 2011 साली उघडलेला शांतता पूल आहे. बाहेर पडलात तर या बेटावरच्या शांततेची घडी विस्कटेल, असं दोघांनी त्या शहरात सांगितलं. त्यावर उत्तर आयर्लंडच्या कारभाराच्या ब्रिटिश मंत्री थेरेसा व्हिलियर्स, ज्या स्वतः बाहेर पडण्याच्या बाजूच्या होत्या, म्हणत राहिल्या की सीमा आहे तशीच मोकळी राहील. कशी राहील, हे सांगितलं गेलं नाही.

रात्री 9:00. उरले 12 तास 10 मिनिटं

तिकडं दुपारचे साडेचार. डब्लिनहून बेलफास्टला जाणारा महामार्ग डंडॉक आणि न्यूरी या दोन गावांच्या मधे सीमा ओलांडतो. ओलांडतो हे कळतं फक्त वेगमर्यादेच्या पाट्यांवरून. अलीकडं किलोमीटर, पलीकडं मैल. चौकी नाही, फाटक नाही, गाडी थांबवणारा माणूस नाही. त्या संध्याकाळीही ट्रक असेच जात होते.

इथं थोडं थांबायला हवं, कारण ही मोकळीक आपोआप आलेली नाही.

आयर्लंडची फाळणी 1921 सालची. सहा परगणे, म्हणजे उत्तर आयर्लंड, ब्रिटनकडं राहिले, बाकीचे स्वतंत्र झाले. मधली सीमा 499 किलोमीटरची, वेडीवाकडी, कुठं शेतातून, कुठं ओढ्यातून, आणि ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून जास्त. 1923 पासून त्यावर कस्टम्सच्या चौक्या बसल्या. 1932 ते 1938 या काळात तर दोन्ही देशांत व्यापारयुद्ध पेटलं आणि आयरिश गुरांवर ब्रिटननं जबर कर लावले. पुढं 1960 च्या दशकाच्या अखेरीस उत्तरेत रक्तपात सुरू झाला. चौकी म्हणजे परक्या सत्तेची खूण, म्हणून चौक्या हेच लक्ष्य झाल्या. 22 ऑगस्ट 1972 ला न्यूरीच्या कस्टम्स कचेरीत आयरिश रिपब्लिकन आर्मीचा बॉम्ब वेळेआधी फुटला. 9 माणसं मेली, त्यात बॉम्ब आणणारे तिघंही होते. ब्रिटिश लष्करानं सीमेवरचे कितीतरी लहान रस्ते खड्डे पाडून बंद केले. कॅव्हन आणि फर्मॅना या परगण्यांना जोडणारा अघालेनचा पूल 1972 मध्येच बॉम्बनं उडवला गेला. दोन्ही काठांवरचे लोक, ज्यांचं चर्च आणि बाजार एकच होता, लांबचा वळसा घालून एकमेकांकडं जाऊ लागले.

मग दोन गोष्टी घडल्या. 1 जानेवारी 1993 ला युरोपची एकसंध बाजारपेठ सुरू झाली आणि मालाच्या कस्टम्स चौक्या एका रात्रीत निरुपयोगी ठरल्या. आणि 10 एप्रिल 1998 ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, बेलफास्टमध्ये शांतता करार झाला. साडेतीन हजारांहून जास्त माणसं तोवर मेली होती. अघालेनला नवा पूल झाला तो 1999 मध्ये. त्याला करारासाठी खपलेल्या अमेरिकन सिनेटर जॉर्ज मिचेल यांचं नाव दिलं. तुटलेल्या पुलाच्या जागी पूल यायला 27 वर्षं लागली.

ही मोकळी सीमा या दोन पायांवर उभी होती. दोन्ही देश एकाच बाजारपेठेत असणं हा पहिला पाय. शांतता करार हा दुसरा. त्या गुरुवारी ब्रिटनमध्ये पहिल्या पायाबद्दल मतदान चाललं होतं.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. 1948 पर्यंत वरंध घाट चढून गेलं की भोर संस्थानची हद्द लागायची आणि म्हसळ्याकडं वळलं की जंजिऱ्याच्या नबाबाची. महाडवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्यानं दक्षिणेला जात राहिलं तर बांद्यापुढं डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीजांचा गोवा होता. दोन्हीकडं एकच आडनावं, एकच देवळं, मधे परक्या राज्याची चौकी. आणि नगरपालिकांचे जकात नाके तर 1999 पर्यंत होतेच. ट्रक उभा, चालक पावतीसाठी खिडकीशी. ज्यानं तो नाका पाहिला आहे, त्याला चौकी म्हणजे काय हे आयरिश माणसानं समजावून सांगण्याची गरज नाही.

शुक्रवार, 24 जून, पहाटे 2:30. उरले 6 तास 40 मिनिटं

तिकडं रात्रीचे दहा. मतदान संपलं. बाहेर पडण्याच्या मोहिमेचा सर्वांत मोठा आवाज असलेले नायजेल फराज यांनीच 'राहणारे' थोडक्यात जिंकतील असं दिसतंय, असं म्हणून टाकलं. पौंड चढला आणि दीड डॉलरला जाऊन भिडला. डब्लिनमध्ये त्या रात्री बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास सोडला असणार.

महाडच्या स्टँडवर या वेळेला मुंबईहून कोकणात जाणाऱ्या रातराण्या येऊन थांबतात. चालक चहा घेतात, गाड्या पुढं पोलादपूरकडं आणि कशेडी घाटाकडं निघतात. त्या रात्रीही त्या सावित्रीवरून गेल्या असतील.

पहाटे 4:45 च्या सुमारास. उरले सव्वाचार-साडेचार तास

जिब्राल्टरचा निकाल आधी आला होता. 19,322 राहण्याच्या बाजूनं, 823 विरुद्ध. स्पेनला लागून असलेल्या ब्रिटनच्या त्या टीचभर वसाहतीला सीमा म्हणजे काय ते माहीत होतं. न्यूकॅसलमध्ये 'राहा'वाले जेमतेम 50.7 टक्के निघाले. आणि मग संडरलंड. निसानचा मोठा मोटार कारखाना याच शहरात आहे आणि त्यातल्या बऱ्याचशा गाड्या युरोपात विकल्या जायच्या. तिथं 61.3 टक्के लोकांनी बाहेर पडण्याला मत दिलं.

पौंड तिथून जो घसरू लागला तो थांबला नाही.

सकाळी 6 ते 8. उरले तीन तास, दोन तास, एक तास

उत्तर आयर्लंडची मोजणी चालू होती. डेरी शहर ज्या फॉइल मतदारसंघात येतं तिथं 78.3 टक्के लोकांनी राहण्याला मत दिलं. सीमेवरच्या मतदारसंघांनी तसंच सांगितलं. सगळा उत्तर आयर्लंड मिळून राहण्याच्या बाजूनं 55.8 टक्के: 4,40,707 विरुद्ध 3,49,442. सीमेच्या अलीकडं राहणाऱ्यांना मत नव्हतं, पलीकडच्यांना होतं, आणि पलीकडच्यांनी 'नको' असंच म्हटलं. पण इंग्लंडच्या कोट्यवधी मतांपुढं हे साडेचार लाखही भरत नाहीत.

मला या सगळ्या रात्रीतला हा भाग सर्वांत जास्त टोचतो. ज्या ठिकाणी जोड असतो तिथली माणसं नेहमीच थोडी असतात. मोजणीत ती बुडतात.

सकाळी 8:30. उरली 40 मिनिटं

फराज यांनी आपल्या समर्थकांपुढं स्वातंत्र्यदिनाची पहाट उगवली असं जाहीर केलं.

सकाळी 9:10. शून्य

तिकडं पहाटेचे पाच वाजायला वीस मिनिटं कमी. बीबीसीवर निवेदक डेव्हिड डिम्बल्बी यांनी सांगितलं की ब्रिटनचा निर्णय झाला आहे, तो बाहेर पडणार. शेवटचा आकडा पुढं असा ठरला: बाहेर पडा 1,74,10,742; राहा 1,61,41,241. म्हणजे 51.9 विरुद्ध 48.1 टक्के. फरक पावणेतेरा लाखांच्या आत.

सकाळी 9:15. त्यानंतर 5 मिनिटं

मुंबईचा शेअर बाजार उघडला. जगातल्या मोठ्या बाजारांत ही बातमी ताजी असताना दार उघडण्याची पाळी आपल्यावर आली. सेन्सेक्स दिवसात हजारावर अंशांनी कोसळून शेवटी 604 अंश खाली बंद झाला. टाटा मोटर्सचा शेअर सुमारे 8 टक्के पडला, कारण जॅग्वार लँडरोव्हरचे कारखाने ब्रिटनमध्ये आणि गिऱ्हाईक युरोपात. पौंड 1.33 डॉलरच्या खाली गेला. 1985 नंतर तो इतका खाली कधी नव्हता.

त्या दिवसाचा आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. लंडनचा मुख्य निर्देशांक दिवसअखेर 3.15 टक्के पडला. डब्लिनचा साडेसात टक्क्यांहून जास्त पडला. ज्यांनी मत दिलं त्यांच्या दुप्पट फटका ज्यांना मत नव्हतं त्यांना.

नंतरच्या काही महिन्यांत हे खरं ठरत गेलं. आयर्लंडचे अळंबी उत्पादक आपला बहुतेक माल ब्रिटनच्या सुपरमार्केटांना विकत. भाव आधीच पौंडात ठरलेले. पौंड पडल्याबरोबर त्यांचा तेवढासा नफाही गेला आणि त्या वर्षाखेरपर्यंत काही शेतांना टाळं लागलं. तोवर ब्रिटन बाहेर पडलाही नव्हता. नुसतं मतदान झालं होतं.

दुपारी 12:50. त्यानंतर 3 तास 40 मिनिटं

ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन दहा डाउनिंग स्ट्रीटच्या दारात आले आणि राजीनामा जाहीर केला. बाहेर पडायचं तर कसं, याची कसलीच तयारी त्यांच्या सरकारनं करून ठेवली नव्हती. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीनं याला घोर निष्काळजीपणा म्हटलं.

डब्लिनमध्ये त्याच दिवशी आयर्लंड सरकारनं आपला आपत्कालीन आराखडा प्रसिद्ध केला. सीमा, व्यापार, वीज, मासेमारी, लोकांची ये-जा, प्रत्येक खात्यानं काय बघायचं ते त्यात लिहिलेलं होतं. दार ज्यानं आपटलं त्याच्याकडं कागद नव्हता. ज्याच्या अंगावर आपटलं त्याच्याकडं होता. एंडा केनी यांनी लोकांना शांत राहायला सांगितलं. बेलफास्टमध्ये उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी आता आयर्लंडच्या एकीकरणासाठीच मतदान घ्या अशी मागणी केली, म्हणजे 1998 साली झाकलेला प्रश्न दुपारपर्यंत उघडा पडला होता. पुढच्या आठवड्यात आयरिश पासपोर्टच्या अर्जांसाठी उत्तरेत एवढी झुंबड उडाली की परराष्ट्रमंत्री चार्ली फ्लॅनगन यांना घाई करू नका असं आवाहन करावं लागलं.

आता बाहेर पडण्याचा हक्क होता की नव्हता, हा माझा वाद नाही. होता. ब्रसेल्सचा जाच खोटा होता असंही कोकणातला माणूस म्हणू शकत नाही. 1 मे 2014 पासून युरोपीय संघानं फळमाशीचं कारण देऊन भारताच्या हापूसवर बंदी घातली. हापूस खाणारं युरोपातलं मुख्य गिऱ्हाईक लंडनचं. तिथल्या व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, पण निर्णय ब्रसेल्सचा होता, लंडनचा नव्हे. 2015 च्या सुरुवातीला बंदी उठेपर्यंत एक अख्खा हंगाम गेला. समूहात राहण्याची किंमत असते हे खरं आहे. माझा आक्षेप एवढाच की बाहेर पडणाऱ्यानं जोडावरच्या माणसांचा हिशेब मांडला नाही.

आणि तो हिशेब मोठा होता. आयर्लंड युरोपीय समुदायात शिरला तो 1 जानेवारी 1973 ला, ब्रिटन शिरला त्याच दिवशी, कारण दुसरा मार्गच नव्हता. त्याची निम्म्याहून जास्त निर्यात ब्रिटनला जायची. ब्रिटनला 1963 मध्ये फ्रान्सच्या द गॉल यांनी दार बंद केलं तेव्हा आयर्लंडही बाहेरच राहिला होता. 2016 पर्यंत हे अवलंबन बरंच उतरलं होतं, तरी उत्तरेतल्या दुधाचा साधारण तिसरा हिस्सा प्रक्रियेसाठी दक्षिणेत यायचा, उत्तरेतली कोकरं दक्षिणेत जायची. डब्लिनमध्ये बनवलेली गिनेस बिअर बाटल्यांत आणि डब्यांत भरायला बेलफास्टला जायची आणि पुन्हा सीमा ओलांडून परत यायची. डब्लिनहून फ्रान्सला जाणारा ट्रक आधी बोटीनं वेल्सच्या होलीहेडला उतरायचा, आडवं इंग्लंड तोडून डोव्हरला पोचायचा आणि पुन्हा बोटीवर चढायचा. आयरिश लोक ब्रिटनच्या या वापराला जमिनीचा पूलच म्हणत. पूल दुसऱ्याच्या मालकीचा. मालकानं आता ठरवलं होतं की तो वेगळ्या नियमांनी चालेल.

मंगळवार, 2 ऑगस्ट 2016, रात्री साडेअकराच्या सुमारास

त्या सकाळीला सव्वा महिना उलटला होता. ही वेळ आयर्लंडची नाही, आमची आहे.

महाबळेश्वरच्या पट्ट्यात धुवांधार पाऊस पडत होता. सावित्री पोलादपूरवरून फुगत खाली आली. महाड आणि पोलादपूरच्या मधे, राजेवाडीजवळ, मुंबई-गोवा महामार्गाचे दोन पूल होते. एक नवा. दुसरा इंग्रजांनी 1928 साली बांधलेला, दगडी कमानींचा. कोकणातून मुंबईकडं येणारी वाहनं या जुन्या पुलावरून यायची. पावसाळ्याआधी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला ठीक असल्याचं कागदोपत्री नोंदलं गेलं होतं.

त्या रात्री कमानी वाहून गेल्या. अंधारात, पावसात, पुढं रस्ता नाही हे चालकाला दिसणं शक्य नव्हतं. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. त्यांच्यामागं खासगी वाहनंही गेली. पुलाजवळच्या गॅरेजातल्या एका कामगाराच्या लक्षात आलं आणि त्यानं पुढच्या गाड्या अडवल्या, म्हणून आणखी जीव वाचले. पुढचे कित्येक दिवस नौदल, तटरक्षक दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान सावित्रीच्या पात्रात थेट बाणकोटच्या खाडीपर्यंत शोध घेत होते. नातेवाईक महाडमध्ये थांबून होते. काही जणांना त्यांची माणसं मिळालीच नाहीत.

मी या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवतो ते उपमा म्हणून नव्हे. मेलेल्या माणसांची उपमा करू नये. ठेवतो ते एका गोष्टीसाठी. सीमा आहे तशी राहील असं ब्रिटनच्या मंत्र्यांनी सांगितलं होतं. पूल ठीक आहे असं आपल्याकडं कागदावर होतं. दोन्ही ठिकाणी आश्वासन देणारा माणूस त्या जोडावरून रोज जाणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी, 3 ऑगस्टला, नदीत शोध चालू असताना दिल्लीत राज्यसभेनं वस्तू आणि सेवा कराची घटनादुरुस्ती मंजूर केली. 1 जुलै 2017 ला तो कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. ब्रिटन एका बाजारातून बाहेर निघण्याच्या तयारीत होता त्याच वर्षात भारत आपल्या राज्यांचा एक बाजार करत होता. सावित्रीवर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 5 जून 2017 ला वाहतुकीला उघडला.

त्यानंतर, तासांऐवजी वर्षं

नवा पूल उघडल्यानंतर नऊ दिवसांनी, 14 जून 2017 ला, आयर्लंडमध्ये नवे पंतप्रधान आले. लिओ वराडकर. वडील डॉ. अशोक वराडकर, मूळ घर मालवण तालुक्यातलं वराड. आई मिरियम, आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातली परिचारिका. मुंबईहून वराडला मुंबई-गोवा महामार्गानं जायचं तर महाड आणि पोलादपूर ओलांडावंच लागतं. शेजारी बाहेर पडताना आयर्लंडची बाजू सांभाळण्याचं काम या कोकणी आडनावाच्या माणसावर आलं, आणि त्यांनी एकच मागणी धरून ठेवली: बेटावर पुन्हा चौकी उभी राहता कामा नये. 4 डिसेंबर 2017 ला ब्रसेल्समध्ये सीमेबद्दलचा तोडगा जवळजवळ झाला होता. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे जेवणाच्या टेबलावर असताना उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या अर्लीन फॉस्टर यांचा फोन आला आणि तो फिसकटला. चार दिवसांनी तो झाला. 15 जानेवारी 2019 ला ब्रिटिश संसदेनं मे यांचा करार 432 विरुद्ध 202 मतांनी फेटाळला. 10 ऑक्टोबर 2019 ला वराडकर आणि मे यांच्यानंतरचे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन लिव्हरपूलजवळच्या विरल भागातल्या एका बंगल्यात भेटले आणि आठवडाभरात नवा करार झाला. त्या डिसेंबरअखेर वराडकर वराडला येऊन गेले. 31 जानेवारी 2020 च्या रात्री ब्रिटन रीतसर बाहेर पडला. आपल्याकडं 1 फेब्रुवारीची पहाट, साडेचार.

महाडलाही त्याची झळ लागावी अशी व्यवस्था होती. इथल्या एमआयडीसीत रसायनं आणि औषधांचा कच्चा माल बनतो. युरोपबाहेरच्या कारखान्यानं युरोपात रसायन विकायचं तर 'रीच' नियमांखाली नोंदणी लागते आणि ती स्वतः करायची नसेल तर तिथं अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. ज्या निर्यातदाराचा असा प्रतिनिधी ब्रिटनमध्ये होता, त्याचा तो प्रतिनिधी, मधला संक्रमणकाळ संपल्यावर, 1 जानेवारी 2021 पासून युरोपसाठी बाद झाला. कागद आयर्लंडसारख्या संघातल्या देशात हलवायचे, आणि ब्रिटनसाठी वेगळी नोंदणी करायची. एक गिऱ्हाईक होतं तिथं दोन झाली, खर्चही दोन.

आयरिश ट्रकांनी दुसऱ्याच दिवशी नवा रस्ता धरला. 2 जानेवारी 2021 ला आयर्लंडच्या रॉसलेअर बंदरातून फ्रान्सच्या डंकर्कला थेट बोट सुटली. प्रवास 24 तासांचा, इंग्लंडमधून जाण्यापेक्षा लांब, पण मधे कुणाची चौकी नाही.

डंडॉक ते न्यूरीच्या रस्त्यावर आजही कुणी गाडी थांबवत नाही. मालाची तपासणी होते ती समुद्राच्या काठावर, बेलफास्टच्या आणि लार्नच्या बंदरांत, ब्रिटनमधून ब्रिटनच्याच एका भागात येणाऱ्या मालाची.